उत्तर आधी, रीडिंग नंतर

शमिका चांदोरकर रीडिंग फार सुरेख बनवायची.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचं, रंग बदलला की आकडा वाचायचा, असं तीनदा करायचं आणि मग गणित मांडून उत्तर काढायचं, ही पुस्तकातली रीत. लॅबमधली रीत बरोबर उलटी. बाटलीतलं द्रावण दर वर्षी तेच, त्यामुळे उत्तर सीनियर्सकडून आधीच हातात आलेलं. मग मॅडमना दिसावं म्हणून ब्युरेट एकदा ओला करायचा आणि उत्तरावरून मागे मागे येत तीन आकडे लिहून टाकायचे. बावळट मुलं तिन्ही आकडे एकसारखे लिहायची आणि पकडली जायची. शमिका पहिला आकडा जरासा चुकवायची, पुढचे दोन जवळ आणायची. माणसाच्या हातून चुका किती आणि कशा होतात याचा तिचा अभ्यास दांडगा होता. प्रॅक्टिकलच्या दिवशी तिच्या टेबलापाशी गर्दी व्हायची. "भिया, मेरी भी बना दे," म्हणत मुलं यायची, मुलीही यायच्या. इंदुरात भिया कोणालाही म्हणता येतं.

आता बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं आणि पुढे काय, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. कारण त्याचंही उत्तर आधीच आलेलं होतं.

ते बाबांकडून आलं होतं. बाबा, म्हणजे निशांत चांदोरकर, तुकोगंजमधल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात होते. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारभारी. तेव्हापासून चांदोरकरांच्या हाती कारभार म्हणावा असा काही राहिला नव्हता. सोसायटीचं सेक्रेटरीपद तेवढं होतं आणि तेही पाण्याच्या टाकीच्या भांडणात जाऊ घातलं होतं. पण बाबा म्हणायचे, "अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आपल्या रक्तात आहे." त्यांना स्वतःला पीएससी, म्हणजे राज्यसेवेची परीक्षा, द्यायची होती. ते राहून गेलं. आता शमिका देणार आणि डेप्युटी कलेक्टर होणार. त्यांनी तिला रीतसर विचारलं होतं, "शमू, करशील ना?" आणि तिने "हो बाबा" म्हटलं होतं. भंवरकुआँच्या एका क्लासची नवी बॅच गुरुवारी सुरू होत होती. बुधवारी खजरान्याला गणपतीसमोर मागणं मागायचं आणि गुरुवारी क्लासला बसायचं, असं ठरलं होतं.

मधे कॉलेजचा करिअर सेल आडवा आला.

करिअर सेल म्हणजे केमिस्ट्रीच्या सुरभी मॅडम. स्टाफ मीटिंगला उशिरा पोहोचल्या म्हणून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. मॅडमनी सांगितलं की शनिवारी प्रत्येकाने उभं राहून बोलायचं: स्वतःकडे नीट बघितल्यावर काय दिसलं आणि त्यावरून पुढे काय करणार. वर्गात हसाहशी झाली. एकजण म्हणाला, "मॅडम, शीशे में देखा, कुछ नहीं दिखा." मॅडम म्हणाल्या, "लाइट लगाके देखना."

शमिका शनिवारी छान बोलली. शाळेत मॉनिटर होते, म्हणून नेतृत्व. मावशीच्या लग्नात पंगतीची व्यवस्था बघितली, म्हणून मॅनेजमेंट. रोज पेपर वाचते, म्हणून देशात काय चाललंय याची जाण. लोकांची सेवा करायला आवडते. म्हणून पीएससी. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेली ईशा, तिची पहिल्या वर्षापासूनची मैत्रीण, कानाशी पुटपुटली, "मॅडम डीसी, हमको भूल मत जाना."

वर्ग सुटल्यावर मॅडमनी तिला लॅबमध्ये बोलावलं. त्या पिपेट विसळत होत्या. वर्गात हिंदी बोलणाऱ्या मॅडम लॅबमध्ये, दोघीच असल्या की, मराठीवर यायच्या.

"शमिका, तुझी तिन्ही रीडिंग इतकी जुळली कशी गं?"

"आज प्रॅक्टिकल नव्हतं मॅडम."

"आत्ता वर्गात दिलीस ती. मॉनिटर, पंगत, पेपर. सगळी नेमकी पीएससीवर जाऊन बसली. एक पण इकडे-तिकडे नाही." मॅडमनी पिपेट उजेडात धरून बघितला. "मी पण याच कॉलेजची आहे बेटा. बनवलेलं रीडिंग मला वासावरून कळतं."

शमिकाचे कान तापले. आजवर लॅबमध्ये तिला कोणी पकडलं नव्हतं, आणि पकडली ती ही अशी.

"पण बाबांनी विचारलं होतं मला. मीच हो म्हटलं."

"म्हटलं असशील. मी कुठे म्हणते पीएससी वाईट. कदाचित उत्तर तेच येईल. पण एकदा करून तर बघ. उत्तर झाकून ठेव. आणि मला काय आवडतं असं स्वतःला विचारू नकोस, आपण स्वतःला पण गोड-गोड सांगतो. काय केलंस ते बघ. कोणी मार्क देत नव्हतं, कोणी बघत नव्हतं, तेव्हाचं."

"आणि उत्तर दुसरंच आलं तर?"

"तर बुधवारच्या आत आलेलं बरं," मॅडम म्हणाल्या. बुधवारच्या खजरान्याचं शमिका सगळ्या लॅबला सांगून बसली होती.

रविवारी दुपारी आई मटार सोलत होती. शमिका समोर बसली आणि मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

"आई, मी कशात रमते?"

"मोबाईलमध्ये."

"सीरियसली सांग ना."

"सीरियसलीच सांगतेय." आई, म्हणजे अमिताताई, प्राथमिक शाळेत शिकवत आणि घरीही मोजक्या शब्दांत बोलत. "का, काय झालं?"

"काही नाही." मग तिने ईशाला फोन लावला. "सुन, मैं खुश कब दिखती हूँ?"

ईशाने विचार केला. "जब तू चुप रहती है. बोलती है तो टीचर लगती है."

एवढ्या मदतीवर शमिका आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. एकेक दाणा दाबून बघावा तसं तिने शनिवारचं भाषण दाबून बघितलं. मॉनिटर ती होती खरी. पण फळ्यावर गडबड करणाऱ्यांची नावं लिहायची वेळ आली की तिचं पोट दुखायला लागायचं, खरंच दुखायचं, आणि ती सिक रूममध्ये जाऊन पडायची. मावशीच्या लग्नात ती कोठीघरात होती. आचाऱ्याला जिन्नस मोजून द्यायचं काम तिने आपण होऊन मागून घेतलं होतं, कारण बाहेर पंगतीत आग्रह करावा लागला असता. पेपर रोज उघडायची, हेही खरं. आधी राशिभविष्य, मग हवामान. हवामान मात्र अगदी बारकाईने.

लोकांची सेवा. इथे ती बराच वेळ थांबली. माणसं समोर येऊन हात जोडून उभी आहेत आणि आता आपण काय निर्णय देतो म्हणून आपल्या तोंडाकडे बघताहेत, असं चित्र तिने डोळ्यांसमोर आणलं. तिथून उठून कुठे जाऊन पडता येईल, हेच ती आधी शोधू लागली. सिक रूम शोधावी तशी.

म्हणजे नाव, पगार, गाडी, बाबांचा चेहरा, सगळं तिला हवं होतं. फक्त ते काम नको होतं.

हे कळल्यावर मोकळं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. नको काय ते कळलं होतं, त्याने पोट भरत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, कोणी मार्क देत नव्हतं तेव्हाचं बघ. आणि मग तिला हातोद आठवलं.

सेकंड इयरच्या प्रोजेक्टला तिने आणि ईशाने हातोदच्या आसपासच्या बोअरचं आणि हातपंपांचं पाणी आणलं होतं. पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात क्षार किती आहेत, ते मोजायचं. लॅबमध्ये बाटल्या मांडल्यावर ईशा नेहमीसारखी म्हणाली, "कितना आना चाहिए, बता दे, बना लेते हैं." शमिकाने पेन उघडलं आणि ते तसंच राहिलं. किती यायला हवं, हे कोणालाच माहीत नव्हतं. सीनियर्सना नाही, मॅडमना नाही. त्या पाण्यात काय आहे हे फक्त त्या पाण्याला माहीत होतं आणि विचारल्याशिवाय ते सांगणार नव्हतं.

त्या दिवशी तिने पहिल्यांदा खरं टायट्रेशन केलं. द्राक्षासारखा लाल रंग थेंबाथेंबाने जांभळा होत गेला आणि एका थेंबाला एकदम निळा झाला. पुन्हा केलं. पुन्हा निळा, तिथेच. कँटीन बंद झालं तरी ती उभीच होती. ईशा मधे तीनदा "चल ना यार" म्हणून गेली होती.

एका हातपंपाच्या दोन बाटल्या मात्र जुळेनात. ईशा म्हणाली, सरासरी लिही. शमिकाला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी घरी लायब्ररी सांगून ती एकटी बसने हातोदला गेली. हातपंप गंगूबाईंच्या घरासमोर होता. ही मुलगी बाटली तीन-तीनदा विसळते आहे हे त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "यो पाणी पीवा लायक हे कि नी, इत्तो बतई दे."

"अभी नहीं बता सकती," शमिका म्हणाली. "इतना पता है कि दाल देर से पकेगी. पीने का टेस्ट अलग होता है."

"तो कर ने बता," गंगूबाई म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

ती टेस्ट प्रोजेक्टमध्ये नव्हती. त्याला मार्क नव्हते. शमिकाने ती केली, आणि गंगूबाईंच्या सुनेला फोन करून सांगितलं की पाणी ठीक आहे, पावसाळ्यानंतर परत तपासायला हवं. घरी कोणाला यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा मटार फ्रीजमध्ये गेले होते आणि तिला भूक लागली होती. पण तीन वर्षं रीडिंग बनवणाऱ्या मुलीला एक गोष्ट चांगली ठाऊक होती: एका आकड्यावर उत्तर काढत नाहीत. हातोद म्हणजे एक रीडिंग. कदाचित बसचा प्रवास आवडला असेल. कदाचित घरी खोटं बोलण्याची मजा असेल. तिने सुरभी मॅडमना मेसेज केला: पाणी तपासतात अशी खरी लॅब बघता येईल का, उद्या?

सांवेर रोडच्या एका खाजगी लॅबमध्ये मॅडमची वर्गमैत्रीण शैलजाताई काम करत होती. सोमवारी सकाळी शमिका तिथे पोहोचली. तिची अशी समजूत होती की जाताच कोणीतरी पांढरा कोट देईल. शैलजाताईने ब्रश दिला.

"बाटल्या. आधी साबण, मग अ‍ॅसिड, मग डिस्टिल्ड. घाई केलीस तर मला कळेल."

दुपारपर्यंत बाटल्या. दुपारनंतर दुसरं कोणी टायट्रेशन करत असताना आकडे लिहायचे. एसीत एक आंबूस वास भरून राहिलेला, मशीनची एकसुरी घरघर, पाय दुखायला लागलेले. हातोदसारखं काही नव्हतं. शमिकाला दोनदा कंटाळा आला, आणि तिने प्रामाणिकपणे मनात नोंद केली की दोनदा आला. पहिला डबा खाण्याआधी, दुसरा डबा खाल्ल्यावर. पण घड्याळ बघितलं तेव्हा संध्याकाळ झाली होती.

मंगळवारी ती परत गेली. शैलजाताईने भुवया उंचावल्या आणि ब्रश पुढे केला. दुपारी एका कारखान्याचा फोन आला. स्पीकरवर होता, कारण शैलजाताईच्या हातात पिपेट होता. सांडपाण्याचा एक आकडा जरा जास्त आला होता. पलीकडचा माणूस मोठ्या गोडीने बोलत होता. "मैडम, थोड़ा-सा नीचे कर देते तो. आपका भी रेगुलर काम रहता."

"सर, आँकड़ा जो आया है वही जाएगा," शैलजाताई म्हणाली. आवाज चढवला नाही, पिपेटवरची नजरही हलवली नाही. "चाहिए तो आप सैंपल दोबारा भेज दीजिए. फिर से कर दूँगी."

फोन बंद झाला. शमिका बाटली हातात धरून उभी होती. आपल्या टेबलापाशी होणारी ती गर्दी तिला दिसत होती, आणि आपण किती सफाईने पहिला आकडा चुकवायचो तेही.

"ताई, ते दुसऱ्या लॅबमध्ये गेले तर?"

"गेले तर गेले. काही जातात, काही परत येतात."

"मला इथे येता येईल? कॉलेज सुटल्यावर. रोज."

"पैसे किरकोळ मिळतील, आधीच सांगते. आणि बी.एस्सी.वर आयुष्यभर बाटल्याच धुशील. या मशीनवर हात ठेवायचा तर एम.एस्सी. पाहिजे, अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री. एंट्रन्स असते, मॅथ्स लागतं. कसं आहे तुझं?"

"कच्चं," शमिका म्हणाली.

"बरं झालं बोललीस. कच्चं असेल तर रोज करावं लागेल."

घरी परतताना बसमध्ये शमिकाने ठरवलं की आजच बोलायचं. घरी बाबा मोबाईलवर क्लासच्या सरांचं भाषण ऐकत होते, मोठ्याने, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. मग जेवणं झाली. मग सोसायटीचे लोक टाकीवरून भांडायला आले. बोलायचं राहिलं.

बुधवारी बाबांनी अर्धा दिवस रजा काढली. आईला शाळा होती. स्कूटरवरून दोघं खजरान्याला गेले. बाबांनी मोदक घेतले, फुलं घेतली, कुंकू घेतलं. दर्शन झालं. मग ते तिला देवळाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे मागच्या भिंतीवर लोक कुंकवाने उलटं स्वस्तिक काढतात आणि मनातलं मागतात. मागणं पुरं झालं की परत यायचं आणि सुलटं काढायचं.

बाबांनी कुंकवाची पुडी उघडून पुढे धरली. "काढ."

शमिकाने बोट बुडवलं. भिंतीपाशी नेलं. तिथे ते थांबलं.

"काय गं?"

"बाबा, मी मागितलं आणि गणपतीनं खरंच दिलं तर?"

बाबा हसले. "द्यावं म्हणूनच तर आलोय."

"मला ते नकोय."

मागून एक बाई म्हणाली, "बेटा, बना लो, पीछे लाइन है." बाबांनी शमिकाच्या दंडाला धरून तिला बाजूला घेतलं. बाईने दोघांच्या मधून हात घालून आपलं स्वस्तिक काढलं आणि गेली.

"काय नकोय?"

"पीएससी. डेप्युटी कलेक्टर."

"मी लादलं का तुझ्यावर?" बाबांचा आवाज खाली गेला होता. "विचारलं होतं ना मी?"

"विचारलं होतं. तुम्ही नाही लादलं. तुम्हाला काय हवंय ते मी बघितलं आणि बाकी सगळं त्यावरून बनवलं. प्रॅक्टिकलला रीडिंग बनवतो तसं."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे तीन वर्षं तू प्रॅक्टिकल अशी पास झालीस?"

"हो."

"सगळी?"

"एक सोडून."

आणि तिने हातोद सांगितलं. लायब्ररी म्हणून सांगितलेली बस सांगितली. सांवेर रोड सांगितला, बाटल्या, वास, दोनदा आलेला कंटाळा, कारखान्याचा फोन.  कुंकवाची पुडी बाबांच्या हातात उघडीच होती आणि वाऱ्याने थोडं कुंकू त्यांच्या शर्टावर पडत होतं.

"नापास होशील म्हणून घाबरतेस," ते शेवटी म्हणाले. "खरं सांग. मी पण घाबरलो होतो. म्हणूनच फॉर्म भरला नाही कधी."

हे त्यांनी घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं.  या वेळी उत्तर सोयीचं नव्हतं आणि ते शमिकाला नीट मोजूनच द्यायचं होतं.

"ती पण भीती आहे," ती म्हणाली. "पण पास होईन याची जास्त आहे. नापास झाले तर दोन-तीन वर्षं जातील. पास झाले तर सगळंच जाईल."

बाबांनी पुडी मिटली. घडी घातली, परत उघडली, परत घातली.

"घरी बोलली असतीस."

"काल बोलणार होते. टाकी आली मधे."

बाबांना हसू येणार होतं, त्यांनी येऊ दिलं नाही. "नोकरी मिळेल त्यात?"

"मिळेल. सुरुवातीला पैसे कमी. मॅथ्स कच्चं आहे, उद्यापासून रोज सकाळी करणार. दुपारी कॉलेज, मग लॅब. एंट्रन्स या वर्षीच देणार."

"आणि नाही जमलं तर?"

"तर लॅबमध्ये बाटल्या धुवत पुढच्या वर्षी देईन."

"एक वर्ष," बाबा म्हणाले. "एक वर्ष बघतो मी."

"एम.एस्सी. दोन वर्षांची असते बाबा. आणि ही एंट्रन्स धरून तीन."

"भाव करतेस का गं माझ्याशी?"

"नाही. जेवढं लागतं तेवढं सांगतेय."

बाबा पाठ फिरवून चालायला लागले. शमिका मागून निघाली. चपला घातल्या, पार्किंगपर्यंत आले. स्कूटरपाशी त्यांनी मोबाईल काढला, क्लासचा नंबर शोधला आणि मोबाईल तिच्यापुढे धरला.

"मी नाही सांगणार त्यांना. आठवडाभर मीच त्यांच्या मागे लागलो होतो. तूच सांग."

शमिकाने नंबर लावला. पलीकडच्या माणसाला वाटलं फी थोडी जास्त वाटत असेल, म्हणून त्याने हप्ते सांगितले. मग त्याला वाटलं वेळ जमत नसेल, म्हणून संध्याकाळची बॅच सांगितली. मग म्हणाला, "मैडम, एक बार डेमो क्लास तो कर लो, सब डाउट क्लियर हो जाएँगे."

"डाउट नहीं है, भैया," शमिका म्हणाली. "मेरा नाम काट दीजिए. चांदोरकर. चा, बिंदी वाला."

तो आणखी काही समजावू लागला. ती ऐकून घेत होती आणि दर वेळी तेवढंच, तसंच उत्तर देत होती. बाबा हँडलवर दोन्ही हात ठेवून उभे होते. किल्ली लावलेली होती. त्यांनी स्कूटर सुरू केली नाही. आवाजात तिचं बोलणं बुडालं असतं.